जस्ताची टाकी

सातारा, एमआयडीसी
२० नोव्हेंबर २०२३

चि. सन्मती यांस,

लालासाहेब साळुंखे यांचे आशीर्वाद. तुमच्या मातोश्री पद्मावतीबाईंना नमस्कार. इकडे सर्व ठीक. थंडी पडली आहे. शेडमधलं लोखंड सकाळी हाताला चावतं.

हे पत्र तुमची बहीण ब्राह्मी वाचून दाखवणार, हे धरूनच लिहितो आहे, म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. ब्राह्मी, तुला एकच सूचना. भावाला बरं वाटावं म्हणून मधली वाक्यं गाळू नकोस. जे लिहिलंय ते, त्याच क्रमाने वाच. फोन केला नाही, कारण फोनवर माणूस मध्येच बोलतो.

दवाखान्यातून तुम्हाला घरी सोडल्याचं कळलं. चेहऱ्याच्या जखमा भरत आल्या, डोळ्यांचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. डॉक्टरांना काही सांगता येत नसलं की ते तसं म्हणतात. मिरजेला मी तुम्हाला पाहायला आलो तेव्हा माझं मत झालं होतं. तुम्ही तोंड दाराकडे केलं होतं आणि मी खिडकीशी उभा होतो.

आता मूळ विषय. स्फोट कसा झाला हे तुम्हाला आठवत नाही, असं तुम्ही सांगता. मग मी सांगतो. तुमच्या सांगलीच्या मळ्यातली ती खताची टाकी मी टेम्पोत घालून साताऱ्याला आणली, उभी कापली आणि आतून पाहिली. मी पाटणला नववीत शाळा सोडलेला माणूस आहे. धातूंचं जे काही येतं ते जुन्या बाजारातल्या पुस्तकांतून आणि हात भाजून शिकलो. तुमची पदवी शेतकीची आहे. तरी नीट ऐका.

टाकीला आतून-बाहेरून जस्ताचा मुलामा होता. जस्त पाण्याला दाद देत नाही, म्हणून लोखंड गंजत नाही. आम्लाला मात्र ते लगेच दाद देतं. आम्ल जस्त खातं आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. या वायूला रंग नाही, वास नाही. सगळ्यांत हलका, त्यामुळे झाकणाखाली जाऊन बसतो. तुम्ही द्राक्षबागेच्या ठिबकच्या नळ्यांत साठलेले क्षार काढायला टाकीत लिंबाचं सत्त्व कालवलंत. त्याला काय होतंय, सरबतात घालतात ते, असं म्हणालात. सौम्य आम्ल तेच काम सावकाश करतं, एवढाच फरक. त्याला वेळ मिळाला की झालं.

वेळ तुम्ही दिलात. टाकी भरली आणि तुम्हा जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व लागलं. पर्वात मातीला हात लावायचा नाही, पाणी सोडायचं नाही, जीव मरतात. पर्व संपेपर्यंत ते पाणी टाकीत तसंच. वर तुमच्या आई म्हणाल्या, झाकण उघडं ठेवू नका, किडा-मुंगी पडेल. म्हणून झाकण घट्ट आवळलं गेलं. कुणी आवळलं ते पुढे येईल.

पर्व संपलं. क्षमावणीला पद्मावतीबाईंनी रीतीप्रमाणे मला फोन करून वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागितली. मीही बरं म्हणालो. दुसऱ्या दिवशी तुम्ही झाकण उघडायला गेलात. नटांवर पांढरा गंज धरला होता, पाना फिरेना. तुम्ही ग्राइंडर लावलात. ठिणगी पडली. झाकण तुमच्या तोंडावर आलं आणि त्यामागून आंबट, पांढरं, फेसाळतं पाणी.

आईंचा शब्द, झाकण आवळणारा हात, तुमचा ग्राइंडर. तिन्ही गोष्टी जुळल्या. टाकी बसवायला मी स्वतः आलो होतो तेव्हा बांधावर चार माणसांसमोर बजावलं होतं, हिच्यात आम्ल घालायचं नाही. तुम्ही मान डोलावली होती. तुमची मान चांगली डोलते, हे लग्नाच्या वेळीही पाहिलं.

माझ्या पोरीला, संयोगिताला, मी भाऊबीजेला म्हणून आणली. ती आता इथेच राहील. मागच्या आठवड्यात ब्राह्मी तिला न्यायला आली होती. चहा पाजून मी तिला फाटकातूनच परत लावली. हे ब्राह्मीने तुम्हाला सांगितलं असेलच. आपण आल्याचं वहिनीला कळलंय, असं तिला वाटलं असेल, तर तसं काही झालं नाही. संयोगिता आत ड्रॉइंगच्या टेबलाशी होती. तिला मी कोण आलं ते सांगितलं नाही. विचारलं तेव्हा म्हणालो, भंगारवाला.

तिचा मोबाईल माझ्याकडे आहे. तिला सांगितलंय की बिघडलाय.

ती सव्वीस वर्षांची आहे. डिप्लोमा मी तिला पहिल्या वर्गात काढायला लावला. पत्र्याचं ड्रॉइंग पाहून घडी कुठे येणार हे बोट ठेवून सांगणारी पोरगी या एमआयडीसीत दुसरी नाही. ती तुम्हाला काठी धरून अंगणात फिरवायला जन्माला घातलेली नाही. तिची प्रमाणपत्रं आणि कंपासपेटी कुरिअरने पाठवा. कपडे नको.

कळावे,
लालासाहेब हंबीरराव साळुंखे


सातारा
९ डिसेंबर २०२३

चि. सन्मती यांस आशीर्वाद.

पत्र पोचलं. प्रमाणपत्रं पोचली. कंपासपेटी पाठवली नाहीत. ती तिची आवडती आहे, संयोगिता आल्यावर स्वतः घेईल, असं लिहिलंत. लिहिणारी ब्राह्मी, सांगणारे तुम्ही, हे अक्षरावरून आणि नरमाईवरून कळतं. समासात ब्राह्मीने स्वतःचं एक वाक्य घातलंय: "काका, टाकी कुणी बनवली होती?" तुम्हाला ते ठाऊक नसेल. विचारा तिला.

तुमच्या मुद्द्यांना उत्तरं देतो.

तुम्ही लिहिता: "मामा, तुम्ही बांधावर 'तेजाब घालायचं नाही' असं म्हणाला होता. आम्ही तेजाब घातलं नाही. तेजाबाने जमिनीतली गांडुळं मरतात म्हणून आईही नकोच म्हणत होती. तुमचा शब्द पाळायचा म्हणूनच लिंबाचं सत्त्व आणलं."

शब्द तेजाबच होता. मान्य. शेतकऱ्याशी बोलताना मी आम्ल म्हणत नाही. पण ज्याला तेजाब का नको हे कळलं, त्याला लिंबाचं सत्त्व का नको हेही कळायला हवं. तुम्ही शब्द पाळलात, कारण विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर सांगितलं असतं. ब्राह्मीलाही हेच उत्तर. टाकी मी बनवली होती. लग्नानंतर तुमच्याशी बोललो नव्हतो. संयोगिताच्या आईने अन्न सोडायची धमकी दिली, तेव्हा आहेर म्हणून ती केली. मुलामा पुण्याहून करून आणला. तशी टाकी तुमच्या तालुक्यात कुणाकडे नव्हती. कापल्यावरही शिवण कुठे उकललेली नव्हती. टाकी उत्तम होती.

दुसरा मुद्दा. तुम्ही लिहिता, आणि पोलिसांनाही तेच सांगितलंत, की झाकण तुम्हीच आवळलं.

खोटं आहे. झाकणाखालचं रबरी पॅकिंग माझ्या समोर टेबलावर आहे. त्यावर सगळीकडे सारखा ठसा उमटलाय. तुम्ही नट एका पाठोपाठ एक गोलात आवळता, मी पाहिलंय. तसं केलं की पॅकिंग एका अंगाला जास्त दबतं. समोरासमोरचे नट थोडे थोडे घेत आवळले की असा ठसा येतो. त्या वाड्यावस्तीत तसं आवळायला एकच माणूस शिकलंय आणि ते मी शिकवलंय. ती चौथीत होती. स्टुलावर उभी राहून आवळायची.

म्हणजे तुम्ही माझ्या पोरीला वाचवताय. चांगलं आहे. तिला मात्र सगळं माहीत नव्हतं. आपण झाकण आवळलं हे तिला ठाऊक होतं. झाकण आवळल्यामुळे काय झालं हे तिला ठाऊक नव्हतं. तुम्ही तिला सांगितलं होतंत की टाकीत आधीच खताचा काहीतरी वायू धरला होता. मी ते दुरुस्त केलं.

गेल्या रविवारी टेबलावर काचेची बाटली ठेवली. टाकीच्या पत्र्याचे तुकडे आत टाकले, वर लिंबाच्या सत्त्वाचं पाणी, तोंडाला फुगा. तिला बोलावलं. बुडबुडे इतके बारीक होते की तिने चष्मा काढून पुसला. मग फुगा उभा राहिला.

ती म्हणाली, "हे टाकीत झालं?"

"हेच झालं."

"फुगा नसता तर?"

"हवेत उडून गेलं असतं. कळलंही नसतं कुणाला."

ती म्हणाली, "म्हंजी झाकण सैल असतं तर..."

मी म्हणालो, "तर वायू निघून गेला असता, आणि ठिणगीने काही झालं नसतं."

रसायनात मी खोटं बोलत नाही.

तिने फुगा काढला नाही, उठून आत गेली. तिची आई शालूबाई दारात उभी राहून सगळं बघत होती. ती म्हणाली, "आवं, पोरगी हाय का पत्र्याचा तुकडा? लावलासा का तिलाबी आम्ल?" बायकांना प्रयोग कळत नाहीत.

मला वाटलं होतं, यानंतर ती सांगलीचं नाव काढणार नाही. उलटंच झालं. दुसऱ्या दिवशी पिशवी भरून बसली. म्हणाली, "बाबा, आता तर मला गेलंच पाहिजे. त्यांना मी आंधळं केलंय, आता मीच त्यांचे डोळे व्हायचे." असली वाक्यं तिने कुठे वाचली कोण जाणे, माझ्या घरात तसली पुस्तकं नाहीत. मी फाटकाला कुलूप लावलं. तिला म्हणालो, तुझ्या सासरच्यांनीच नको म्हणून कळवलंय. तिचा विश्वास बसला नाही. म्हणाली, "ते तसं म्हणायचे न्हाईत. त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी मानणार न्हाई."

म्हणून हे पत्र.

तुम्ही तिला फोन करायचा. शुक्रवारी, दिवस मावळायच्या आधी, तुमचं जेवण आटोपलं की. माझ्या नंबरवर करा, मी तिला देईन. तुम्ही एवढंच बोलायचं:

"संयोगिता, झाकण तू आवळलंस म्हणून माझे डोळे गेले. मला तू या घरात नको आहेस."

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. ते बोलायला जीभ अडायचं कारण नाही. दुसऱ्यासाठी मनाची तयारी करा. कशासाठी करायचं, असं विचाराल. तुम्ही म्हणता तिच्यावर तुमचा जीव आहे. जीव असेल तर तिचं उरलेलं आयुष्य एका कोपऱ्यात, तुमच्या ताटात भाकरी कुठे आणि भाजी कुठे हे सांगण्यात जावं, असं तुम्हाला वाटतं का? रोज सकाळी उठून तिने तुमच्या चेहऱ्याकडे बघायचं आणि आपण काय केलं ते आठवायचं. तुम्ही क्षमा कराल, रोज कराल. तुमच्याकडे ते शिकवतात. रोज क्षमा झालेलं माणूस कसं दिसतं ते मी पाहिलेलं नाही आणि माझ्या पोरीच्या रूपात बघायचं नाही. एकदाच तोडलंत तर ती रडेल आणि कामाला लागेल.

नाही केलात फोन, तर ती एक दिवस कुलूप तोडून येईल. तिला कुलपं तोडता येतात. मग मी तुमच्या दारात येऊन पोलिसांना ते पॅकिंग दाखवीन आणि ठसा कुणाचा ते समजावून सांगेन. लिहिलेला जबाब खोटा निघाला तर काय होतं ते तुम्हीही चौकशी करून ठेवा, आणि माझ्या मुलीचं काय होईल याचीही.

ब्राह्मी, इथे थांबू नकोस. पूर्ण वाच. आणि हा भाग आईंसमोर वाचायचा की नाही ते तुझ्या भावाला विचार.

तुमचा सासरा,
लालासाहेब


सातारा
२१ जानेवारी २०२४

सन्मती,

डिसेंबरातल्या फोनबद्दल तेव्हाच लिहायला हवं होतं. साताऱ्यातल्या एका कारखान्याचं काम अंगावर होतं, राहून गेलं.

तुम्ही काम केलंत, पण नीट केलं नाहीत. पहिलं वाक्य मध्येच तुटलं, पुन्हा बोलावं लागलं. दुसरं बोलून फोन ठेवायला हवा होता, तुम्ही धरून बसलात. फोन स्पीकरवर होता, मी शेजारीच होतो. तिने दोन्ही वाक्यं ऐकली. टेबलाची कड धरली होती. मग म्हणाली, "जेवलात का तुमी?"

तुमच्याकडून नुसता मोटरीचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "आईंना सांगा, माझ्यापायी त्यांनी सोताला बोल लावून घेऊ नये. त्यांनी नुसतं झाक म्हणलं होतं. आवळलं मी." आणि तिनेच फोन बंद केला.

ती रडेल, असं मी लिहिलं होतं. रडली नाही. पिशवी रिकामी केली, साड्या घडी घालून ट्रंकेत ठेवल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आधी शेडमध्ये हजर. आता फाटकाला कुलूप लावत नाही. ती जात नाही. फाटकाबाहेर भाजी घ्यायलाही जात नाही. मोबाईल परत दिला, तो तिने कपाटात ठेवला, चार्ज केलेला नाही. तुम्ही लावून पाहिला असेल तर ते कारण.

काम मात्र पूर्वीपेक्षा सरस. परवा तिने काढलेल्या ड्रॉइंगवर कारखान्याचे इंजिनिअर एक रेघ बदलू शकले नाहीत. मी त्यांना म्हणालो, ही माझी मुलगी. ती शेजारी उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहून कौतुक केलं, तिने मान डोलावली.

शालूबाई माझ्याशी बोलत नाही. ताट समोर ठेवते आणि जाते. काल ताट ठेवताना एवढंच म्हणाली, "मिळाली न्हवं तुमची पोरगी तुमाला? आता घ्या, हाक मारून बघा कवातरी." मी हाक मारतो. संयोगिता येते. ओ देत नाही, पण येते. काय हवंय विचारत नाही, समोर उभी राहते. पाना म्हटलं की पाना देते.

हे मी तुम्हाला का लिहितोय ते माहीत नाही. पुढचं लिहितो.

ब्राह्मीचं पत्र चार दिवसांपूर्वी आलं. तुमच्या डाव्या डोळ्याला उजेड कळू लागलाय. खिडकी कुठे आहे ते सांगता येतं, आईंचा हात डोळ्यापुढून गेला तर सावली कळते. मिरजेचे डॉक्टर म्हणतात, शस्त्रक्रिया केली तर त्या डोळ्याने वाचताही येईल. तुम्ही ब्राह्मीला सांगून लिहिलंत: "मामा, एवढं तिला कळवा. ती यावी म्हणून नाही. तिच्या जिवाला लागून राहिलं असेल, ते थोडं हलकं होईल."

वाचून समाधान वाटलं. तुमचा डोळा वाचावा असंच मलाही वाटतं. मी शत्रू नाही.

पण हे मी तिला सांगणार नाही.

कारण विचाराल तर देतो, मला कारण न देता बोलायची सवय नाही. ऑगस्टपर्यंतची कामं मी तिच्या नावावर घेतली आहेत. शेडवर पाटी लावली आहे, "साळुंखे आणि कन्या". तीन वर्षांपूर्वी हीच पाटी रंगवून घेतली होती आणि ज्या दिवशी ती तुमचा हात धरून निघून गेली, त्या दिवशी उतरवून मागच्या भिंतीशी उलटी ठेवली होती. रंग अजून चांगला होता.

आणखी एक. डोळा बरा झाला की आपण स्वतः साताऱ्याला येऊ, तिच्यापुढे उभे राहू आणि ते बोलणं मागे घेऊ, असं तुमच्या मनात असेल. पत्रात लिहिलं नाहीत तरी दिसतं. या. फाटक उघडंच आहे. पण तिच्यापुढे उभे राहून काय बोलणार, त्याचा आधी विचार करा. नको आहेस म्हणालो ते खोटं होतं, असं म्हणाल. ठीक. ते ती मानेलही. पहिल्या वाक्याचं काय करणार? झाकण तिने आवळलं नव्हतं म्हणाल? फुगा तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. खोटं असतं तर तुम्हाला परत घेता आलं असतं. मी तुमच्या तोंडी खरं दिलं होतं.

ब्राह्मीचं पत्र यासोबत परत पाठवतो आहे. ते माझ्या घरात राहायला नको. यापुढे शस्त्रक्रियेचं जे होईल ते कळवू नये. कळवलं तर मला वाचावं लागेल आणि वाचून गप्प बसावं लागेल. तसा मी बसेन.

तुमच्या आईंनी या वर्षीही क्षमावणीला फोन केला, तर उचलायला घरात कुणी नसेल.

लालासाहेब हंबीरराव साळुंखे
(सासरा असं या वेळी लिहिलेलं नाही. ब्राह्मी, हेही वाच.)